सेवा, माया आणि मर्यादा : मुंबईतील परिचारिकांच्या भावनिक श्रमाचा इतिहास
(परळ येथील के.ई.एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग प्रकरणाच्या विशेष संदर्भात)

सारांश

औषध देणे, जखम बांधणे आणि नोंदी ठेवणे या कामांच्या जोडीला परिचारिकेला रुग्णाला धीर द्यावा लागतो, स्वतःचा राग गिळावा लागतो आणि शोक आवरावा लागतो. या दुसऱ्या कामाला समाजशास्त्रात 'भावनिक श्रम' म्हणतात. आपल्याकडे या श्रमाचा गौरव 'सेवा' आणि 'माया' या शब्दांनी झाला. परंतु तो करणाऱ्या स्त्रीच्या व्यक्तिगत मर्यादांचे रक्षण करण्याची जबाबदारी मात्र संस्थांनी फार उशिरा स्वीकारली. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईतील परिचर्येचा या दृष्टीने आढावा घेतला आहे. १९७३ ते २०१५ या काळात के.ई.एम. रुग्णालयाच्या परिचारिकांनी आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची जी शुश्रूषा केली, तिचे विशेष विवेचन केले आहे. माया आणि मर्यादा या परस्परविरोधी गोष्टी नसून मर्यादेच्या चौकटीतच माया दीर्घकाळ टिकते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : परिचर्या, भावनिक श्रम, व्यक्तिगत मर्यादा, के.ई.एम. रुग्णालय, अरुणा शानबाग.

१. प्रस्तावना

मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात डॉक्टरांची चरित्रे आहेत, दानशूर शेठियांच्या देणग्यांच्या नोंदी आहेत, साथींचे अहवाल आहेत. या सर्व साधनांत परिचारिका बहुधा संख्येच्या रूपाने येते. अमुक खाटांमागे अमुक परिचारिका, एवढाच तिचा उल्लेख. खाटेशेजारी ती काय करते, ते करताना तिच्या मनाचे काय होते आणि काम संपल्यावर ती घरी काय घेऊन जाते, हे प्रश्न इतिहासलेखनाच्या कक्षेत फारसे आलेले नाहीत.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. विमानातील हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले की, या कर्मचाऱ्यांचे हसू हे त्यांच्या नोकरीचा भाग आहे आणि त्यासाठी त्यांना स्वतःच्या भावनांवर सतत काम करावे लागते. काही वेळा हे काम वरवरच्या अभिनयाचे असते. काही वेळा व्यक्ती ती भावना खरोखरच स्वतःच्या मनात निर्माण करते. पुढे १९९२ मध्ये पॅम स्मिथ यांनी हीच संकल्पना परिचर्येच्या अभ्यासासाठी वापरली. तत्पूर्वी, १९६० च्या सुमारास, इझाबेल मेन्झीस यांनी लंडनमधील एका रुग्णालयाच्या अभ्यासातून दाखवून दिले होते की, रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने अथवा आजाराने ओळखणे, परिचारिकांना वारंवार एका विभागातून दुसऱ्या विभागात हलवणे, कामाचे बारीक तुकडे पाडणे या प्रथांमागे दुःखाच्या सान्निध्यापासून स्वतःला वाचवण्याची धडपड असते.

या संकल्पना पाश्चात्त्य असल्या, तरी त्यांनी निर्देशिलेला अनुभव मुंबईच्या वॉर्डांना अपरिचित नाही. मात्र येथे त्याला स्थानिक इतिहासाचे, भाषेचे आणि नातेसंबंधांचे वेगळे वळण मिळाले. ते वळण समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी प्रकाशित वृत्तांत, न्यायालयीन निर्णय आणि कायदे या साधनांचा आधार घेतला आहे.

२. 'शुश्रूषा' आणि 'अनुराग'

मराठीत रुग्णसेवेसाठी दोन शब्द रूढ आहेत. 'परिचर्या' म्हणजे सभोवती वावरणे. 'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. जो सांगेल त्याचे ऐकण्यास तत्पर असणे, यावरून सेवा करणे हा अर्थ पुढे रूढ झाला. हॉकशिल्ड यांनी ज्याला श्रम म्हटले, त्याचा गाभा या एका शब्दात आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, असे तेथे म्हटले आहे. ज्ञान, कौशल्य आणि स्वच्छता यांच्या पंक्तीला अनुराग, म्हणजे प्रेमभाव, बसवला आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. भावनेला कामाची पात्रता मानणारी ही दृष्टी प्राचीन आहे. परंतु मूळ वचनातील या अनुरागाचा रोख पोषण करणाऱ्या धन्याकडे आहे, हेही विसरता येत नाही. परिचारकाने प्रेम करावे हे सांगितले गेले. त्याच्या विश्रांतीचा, नकाराचा किंवा सन्मानाचा विचार त्या चौकटीत आला नाही. सेवक आणि सेवा यांच्यातील ही जुनी विषमता आधुनिक रुग्णालयाने नव्या रूपात पुढे चालवली.

३. नात्यांच्या नावांची व्यवस्था

मुंबईत आधुनिक परिचर्येचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत घातला गेला. येथील इस्पितळांत अँग्लिकन पंथाच्या 'ऑल सेंट्स' भगिनींनी रुग्णसेवेचे काम केले. 'सिस्टर' हे संबोधन धर्मसंघाच्या अशा परंपरेतून आले. १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. तेथे केवळ स्त्रिया व मुले यांच्यावर स्त्री-डॉक्टरांकडून उपचार होत. डॉ. एडिथ पीची यांनी या रुग्णालयाची धुरा वाहिली आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणाला चालना दिली. १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या काशीबाई गणपत यांचा उल्लेख परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या भारतीय प्रशिक्षणार्थी परिचारिका म्हणून केला जातो.

त्या काळात परपुरुषाच्या देहाला स्पर्श करणे, रात्री घराबाहेर राहणे आणि रक्त-मलमूत्र हाताळणे या तिन्ही गोष्टी सवर्ण समाजाच्या दृष्टीने स्त्रीसाठी निषिद्ध होत्या. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केल्यानंतर हा स्पर्शाचा प्रश्न सार्वजनिक झाला. घरझडती आणि स्त्रियांची तपासणी यांवरून सर्व समाजांत प्रक्षोभ उसळला. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल झाली. याच साथीत पुण्याजवळ रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. स्वतःच्या जिवाची पर्वा न करता केलेली सेवा हा आदर्श त्यांच्या मृत्यूने उजळला. तथापि, हा आदर्श स्वेच्छेने स्वीकारलेल्या सामाजिक कार्याचा होता. पुढील काळात तोच आदर्श वेतनावर काम करणाऱ्या स्त्रीकडून अपेक्षिला जाऊ लागला, तेव्हा त्याचा अर्थ बदलला.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदनाची स्थापना केली. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांच्या पुढाकाराने पुण्याचे सेवासदन उभे राहिले आणि अनेक विधवांना तेथून ससून रुग्णालयातील परिचर्येच्या शिक्षणाची वाट मिळाली. ज्या स्त्रीला कुटुंबात स्थान उरले नव्हते, तिला रुग्णालयात काम व अन्न मिळाले. संस्थेचे नावच 'सेवा' या शब्दाने सुरू होत होते. सेवाभावाच्या आवरणामुळे या व्यवसायाला प्रतिष्ठा लाभली. मात्र वेतन आणि कामाचे तास यांविषयी बोलणे त्या आवरणात काहीसे अप्रशस्त ठरले.

या प्रक्रियेत वॉर्डात नात्यांच्या नावांची एक व्यवस्था तयार झाली. परिचारिका 'सिस्टर', पुरुष परिचारक 'ब्रदर', आया 'मावशी' आणि वॉर्डबॉय 'मामा'. रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाभोवती असे एक माहेर-आजोळ उभे राहते. या नात्यांत डॉक्टर मात्र कोणाचेही काका-मामा होत नाहीत. ते 'डॉक्टर' अथवा 'साहेब' राहतात. ज्याचा देहाशी, घाणीशी आणि अश्रूंशी अधिक संबंध, त्याला नात्याचे नाव. ज्याच्या हाती निर्णय, त्याला पदाचे नाव, असा हा भेद आहे.

नात्याच्या नावाने परिचारिकेला एक संरक्षण दिले. 'बहीण' म्हटल्यावर परपुरुषाच्या देहाला केलेला तिचा स्पर्श निर्दोष ठरला. पण बहिणीला रजा नसते, बहीण मोबदला मागत नाही आणि बहीण तक्रार करत नाही, हे गृहीतही त्या नावाबरोबर आले. गिरगावातील फणसवाडी, मुगभाट यांसारख्या वाड्यांमधील चाळींच्या जीवनात या गृहीताचा घरगुती आविष्कार दिसे. मजल्यावर एखादी 'नर्सबाई' राहत असेल, तर रात्री-अपरात्री कोणाचा ताप वाढला, इंजेक्शन टोचायचे झाले, प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या की पहिली हाक तिच्या दाराशी जाई. रात्रपाळी करून दिवसा झोपलेल्या नर्सबाईंना उठवण्यात कोणालाही संकोच वाटत नसे. ती हाक आपुलकीची होती, आणि त्या हाकेला 'नंतर या' असे उत्तर देण्याची सोय तिला नव्हती.

व्यवसाय म्हणून परिचर्येची बांधणी याच काळात समांतर होत होती. १९०८ मध्ये मुंबईच्या परिषदेत प्रशिक्षित परिचारिकांची संघटना स्थापण्याचा निर्णय झाला. मुंबई प्रांतात १९३५ मध्ये नोंदणीचा कायदा आला. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा केंद्रीय कायदा झाला (त्याची जागा पुढे २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायद्याने घेतली). १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार संपूर्ण देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे साधारण ४३,००० लोकांमागे एक. त्यांच्या निवासाच्या व कामाच्या स्थितीवर समितीने कडक टीका केली. नोंदणीने ज्ञान आणि कौशल्य यांना मान्यता दिली. चरकाच्या चार गुणांतील अनुराग तेवढा नोंदणीबाहेर, गृहीत धरलेला राहिला.

४. २७ नोव्हेंबर १९७३

परळचे के.ई.एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. अध्यापक भारतीयच असावेत, या देणगीदारांच्या अटीमुळे या संस्थेला राष्ट्रीय अस्मितेचे परिमाण होते. सभोवती परळ-लालबागच्या गिरण्या असल्याने येथील वॉर्डांत गिरणी कामगार आणि त्यांची कुटुंबे मोठ्या संख्येने येत. महापालिकेचे रुग्णालय असल्याने खाटा नेहमी भरलेल्या आणि परिचारिका नेहमी अपुऱ्या, ही स्थिती सर्वपरिचित आहे.

कर्नाटकातील हळदीपूर येथून आलेल्या अरुणा शानबाग या रुग्णालयात परिचारिका होत्या. वय २५. प्राण्यांवरील शस्त्रक्रियेच्या प्रयोगशाळेशी संबंधित काम त्यांच्याकडे होते. तेथील एका सफाई कामगाराला त्यांनी कामातील गैरवर्तनाबद्दल हटकले होते, असे या प्रकरणाच्या वृत्तांतांत नमूद आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाळी संपल्यावर त्या कपडे बदलण्यासाठी तळघरात गेल्या. त्या कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बेशुद्धावस्थेत सापडल्या. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने त्या पुन्हा कधीही पूर्ववत होऊ शकल्या नाहीत.

या घटनेचा विचार बहुधा एका व्यक्तीच्या क्रौर्याच्या अंगाने झाला आहे. परिचर्येच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र तिच्यातील तीन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली, परिचारिकेला गणवेश बदलण्यासाठी सुरक्षित जागा नव्हती. गणवेश उतरवण्याचा क्षण हा 'सिस्टर' संपून स्वतंत्र व्यक्ती सुरू होण्याचा क्षण असतो. त्या क्षणासाठी तिच्या वाट्याला तळघर आले. दुसरी, हाताखालील कर्मचाऱ्यांवर देखरेख करण्याची जबाबदारी परिचारिकेवर होती, परंतु त्या जबाबदारीतून उद्भवणाऱ्या वैरापासून तिचे रक्षण करणारी यंत्रणा नव्हती. तिसरी, गुन्ह्याचे नाव. आरोपीवर चोरी आणि खुनाचा प्रयत्न असे आरोप ठेवले गेले. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवला गेला नाही. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. बलात्काराची तेव्हाची कायदेशीर व्याख्या संकुचित होती आणि तीत व्यापक बदल २०१३ मध्ये झाला, हे खरे. त्याचबरोबर, परिचारिकेच्या 'नावाला बट्टा' लागू नये ही भावनाही तेव्हा प्रभावी होती, असे पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या चरित्रात नोंदवले आहे. बहिणीचे नाव झाकण्याची ही कौटुंबिक रीत होती. कुटुंबाची भाषा स्वीकारणाऱ्या संस्थेने कुटुंबाचे मौनही स्वीकारले.

परिचारिकांनी ते मौन पूर्णपणे मान्य केले नाही. घटनेनंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला. अरुणा यांना योग्य उपचार मिळावेत आणि स्वतःच्या कामाची परिस्थिती सुधारावी, अशा दोन्ही मागण्या त्यांनी एकत्र केल्या. सहकारिणीविषयीचा शोक आणि स्वतःच्या सुरक्षिततेचा हक्क यांत त्यांना विसंगती वाटली नाही. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने हा संप विशेष महत्त्वाचा आहे. परिचारिकांच्या मायेच्या कथा पुढे पुष्कळ सांगितल्या गेल्या. त्या मायेची सुरुवात एका मागणीपत्राने झाली होती, याचे स्मरण मात्र क्वचित राहिले.

५. वॉर्ड क्रमांक ४ : पाळीने चालणारी माया

अरुणा शानबाग यांना वॉर्ड क्रमांक ४ च्या बाजूच्या खोलीत ठेवण्यात आले. नातेवाइकांचे येणे कालांतराने थांबले. १९८० च्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी त्यांना अन्यत्र हलवण्याचे दोन प्रयत्न महापालिकेने केले. परिचारिकांनी विरोध केला आणि दोन्ही वेळा प्रशासनाला माघार घ्यावी लागली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा यांचे निधन झाले, तेव्हा घटनेला एकेचाळीस वर्षे आणि जवळपास सहा महिने उलटले होते.

हा कालावधी सुमारे १५,००० दिवसांचा होतो. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या, तर ४५,००० पाळ्यांचा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, हा परिचर्येचा प्राथमिक नियम आहे. त्या हिशेबाने लाखाहून अधिक वेळा कोणीतरी त्यांना कुशीवर वळवायचे होते, पाठ पाहायची होती, अंथरूण सारखे करायचे होते. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झाले नाही, ही बाब सर्वोच्च न्यायालयासमोर आली आणि न्यायालयाने तिची आवर्जून प्रशंसा केली. त्यांना मासे आवडत, आवडीचे अन्न भरवल्यावर चेहऱ्यावर समाधान दिसे, भक्तिगीते ऐकवली जात, खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ होत आणि हळुवार स्पर्शाने शांत होत, असे तपशील न्यायालयीन नोंदींत आहेत. शब्द बोलू न शकणाऱ्या व्यक्तीची आवडनिवड ओळखून ती पुढच्या पाळीला सांगणे, ही 'शुश्रूषा' या शब्दाच्या मूळ अर्थाची कृती आहे.

सामान्यतः परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्याला एक नैसर्गिक सीमा असते. रुग्ण बरा होऊन घरी जातो अथवा मरण पावतो, खाट दुसऱ्याला मिळते आणि परिचारिकेचे मन पुढच्या रुग्णाकडे वळते. डिस्चार्जचा कागद हा तिच्या भावनिक श्रमाचाही पूर्णविराम असतो. वॉर्ड क्रमांक ४ मध्ये ही व्यवस्था उलटी झाली. रुग्ण कायम राहिला आणि परिचारिका आल्या, बदलून गेल्या, निवृत्त झाल्या. १९७३ मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा मुलींनी त्यांची देखभाल हाती घेतली. शिवाय हा रुग्ण परकी व्यक्ती नव्हती. तोच गणवेश घातलेली, त्याच आवारात वावरलेली स्त्री खाटेवर होती. तिच्याकडे पाहताना 'हे माझ्याही बाबतीत घडू शकले असते' या जाणिवेपासून सुटका नव्हती.

मग ही माया टिकली कशी? तिचे श्रेय परिचारिकांच्या अंतःकरणाला दिले जाते आणि ते रास्तच आहे. परंतु एकट्या अंतःकरणावर चार दशके निघत नाहीत. घरी एकाच व्यक्तीवर दीर्घ आजाऱ्याची जबाबदारी पडते, तेव्हा अत्यंत प्रेमळ माणूसही काही वर्षांत थकतो, चिडतो आणि स्वतःला दोष देऊ लागतो. ही गोष्ट अनेक कुटुंबांच्या परिचयाची आहे. वॉर्ड क्रमांक ४ मध्ये जबाबदारी व्यक्तीवर नव्हती, ती पाळीवर होती. सकाळच्या परिचारिकेने दुपारच्या परिचारिकेला रुग्ण सोपवायचा, रात्रीच्या परिचारिकेने सकाळी सोपवून घरी जायचे. साप्ताहिक सुट्टी होती, बदली होती, निवृत्ती होती. एकीला जेव्हा सहन होत नसे, तेव्हा दुसरी उभी असे. प्रत्येकीला परत जाता येत होते, म्हणूनच प्रत्येकीला परत येता आले.

मेन्झीस यांनी लंडनमध्ये पाहिलेली पाळ्या-बदल्यांची पद्धत रुग्णापासून दूर राहण्याचे साधन होती. परळमध्ये तीच पद्धत रुग्णाजवळ राहण्याचे साधन ठरली. साधन एकच असून परिणाम भिन्न झाले, याचे कारण असे की, येथे रुग्णाला क्रमांकाने ओळखले गेले नाही. 'अरुणा' हे नाव प्रत्येक पाळीने पुढच्या पाळीच्या हाती दिले. कर्तव्याच्या वेळापत्रकाने मायेला शिस्त दिली आणि नावाने त्या शिस्तीत माणूस राखला.

६. न्यायालयातील 'निकटची मैत्री'

२००९ मध्ये पिंकी विराणी यांनी अरुणा यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि त्यांचे अन्न थांबवून त्यांना शांतपणे मरू द्यावे, अशी विनंती केली. या अर्जामागेही करुणाच होती. के.ई.एम.च्या परिचारिका व कर्मचारी यांनी त्याला विरोध केला. न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने ७ मार्च २०११ रोजी निर्णय दिला. विशिष्ट सुरक्षा-अटींसह निष्क्रिय दयामरणाला तत्त्वतः मार्ग मोकळा झाला; परंतु अरुणा यांच्यापुरता अर्ज फेटाळला गेला. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार अर्जदाराला नसून, इतकी वर्षे त्यांची काळजी घेणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना आहे, असे न्यायालयाने ठरवले. पुढे कर्मचाऱ्यांचे मत बदलल्यास त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे जावे, असेही सांगितले. निकालानंतर परिचारिकांनी मिठाई वाटली.

परिचर्येच्या इतिहासात या निर्णयाचे स्थान असाधारण आहे. ज्या श्रमाला वेतनश्रेणीत रकाना नव्हता, त्या श्रमातून कायद्याला मान्य असे नाते निर्माण झाले. रक्ताच्या नात्याअभावी काळजीचे नाते निर्णयाधिकाराचा आधार ठरले. 'सिस्टर' हे संबोधन केवळ शिष्टाचाराचे राहिले नाही.

तथापि, येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो व तो टाळणे अभ्यासकाला शोभणार नाही. दीर्घ सहवासातून निर्माण झालेली माया रुग्णाच्या हिताचा निर्णय निरपेक्षपणे करू शकते का? अरुणा यांचे जगणे परिचारिकांसाठी त्यांच्या निष्ठेचे प्रतीक झाले होते. त्यांना निरोप देणे म्हणजे स्वतःच्या आधीच्या पिढ्यांचे श्रम थांबवणे, असे वाटणे स्वाभाविक होते. ज्यांच्या हातांनी त्यांना जगवले, त्याच हातांत त्यांच्या मरणाचा निर्णय देण्यात त्या हातांवर अन्याय नव्हता का, हाही प्रश्न आहे. ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि व्यक्तीने स्वतः आधी लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली. या बदलाचा एक परिणाम असा की, निर्णयाचा भार काळजी घेणाऱ्याच्या मनावरून काही अंशी रुग्णाच्या स्वतःच्या इच्छेकडे सरकला. रुग्णाची इच्छा आणि परिचारिकेची माया यांच्यातील सीमारेषा दोघांच्याही हिताची आहे.

७. मर्यादांची उशिरा झालेली आखणी

परिचारिकेच्या व्यक्तिगत मर्यादांना कायद्याचे रूप मिळण्यास बराच काळ गेला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वे १९९७ मध्ये आली आणि त्यांचे कायद्यात रूपांतर २०१३ मध्ये झाले. वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसा रोखणारा महाराष्ट्राचा कायदा २०१० चा आहे. मुंबईच्या प्लेगच्या पार्श्वभूमीवर १८९७ मध्ये झालेल्या साथरोग कायद्याने सरकारी कारवाई करणाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण दिले होते. साथीत काम करणाऱ्या आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कठोर शिक्षेची तरतूद त्यात होण्यासाठी २०२० ची कोविड साथ यावी लागली.

त्या साथीत परिचारिकांना 'योद्धा' म्हटले गेले. २२ मार्च २०२० रोजी देशाने टाळ्या वाजवल्या. संबोधन बदलले, पण त्यातील अपेक्षा ओळखीची होती. बहिणीप्रमाणे योद्ध्यालाही थकवा आणि भीती व्यक्त करण्याची मुभा नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळीवरील तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, तेव्हा ती विश्रांतीसाठी सेमिनारच्या खोलीत गेली होती. १९७३ मध्ये कपडे बदलण्यासाठी खोली नव्हती. २०२४ मध्ये झोपण्यासाठी नव्हती. दोन्ही घटनांमधील एकावन्न वर्षांत कायदे वाढले, परंतु चार भिंती आणि एक कडी यांचा प्रश्न शिल्लक राहिला.

८. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) मुंबईतील परिचर्येने नात्यांच्या भाषेतून सामाजिक मान्यता मिळवली. त्या भाषेने परिचारिकेला संरक्षण दिले, त्याचबरोबर तिच्या भावनिक श्रमाला मोबदला, विश्रांती आणि तक्रार यांच्या कक्षेबाहेर ठेवले.

(२) अरुणा शानबाग प्रकरणात संस्थेने मर्यादांचे रक्षण न केल्यामुळे एका परिचारिकेचे आयुष्य उद्ध्वस्त झाले. तिची पुढील शुश्रूषा मात्र पाळी, सोपवणूक आणि संघटना या मर्यादांच्या आधारावर चार दशके अखंड चालली.

(३) म्हणून माया व मर्यादा यांना परस्परविरोधी मानणे इतिहासाला धरून नाही. परिचारिकांची पुरेशी संख्या, निश्चित कामाचे तास, स्वतंत्र खोली, निर्भयपणे करता येणारी तक्रार आणि शोक व्यक्त करण्यास अवकाश या सोयी रुग्णाच्या वाट्याच्या मायेत घट करत नाहीत. त्या मायेचा तो खर्च आहे व तो संस्थेने उचलायचा असतो.

परिचर्येच्या अभ्यासक्रमात मानसशास्त्र आणि समाजशास्त्र हे विषय शिकवले जातात. त्यांच्या जोडीला आपल्या शहरातील या व्यवसायाचा इतिहास शिकवला गेल्यास, प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनीला गणवेश घालण्यापूर्वीच कळेल की, नकार देणे हा सेवेतील कमीपणा नाही. इतिहास, समाजशास्त्र आणि मराठी या विभागांनी निवृत्त परिचारिकांच्या मौखिक आठवणी त्यांच्या संमतीने संकलित करण्याचे काम हाती घेणेही अगत्याचे आहे. वॉर्ड क्रमांक ४ मध्ये काम केलेल्या अनेक जणी आज निवृत्त जीवन जगत आहेत. गिरगाव-परळच्या जुन्या चाळी पुनर्विकासात नाहीशा होत असताना त्यांतील 'नर्सबाईं'च्या स्मृतीही विखुरत आहेत.

आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांचे ऐकले, त्यांचे ऐकून घेणे ही अभ्यासकांच्या वाट्याची शुश्रूषा आहे.